आधी पाणी कुठं जायलंय ते बघू

"आज काय करायचं न्हाई," म्हणत मामांनी बॉनेट खाली घेतलं आणि खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. अनगोळहून टिळकवाडीपर्यंत ते खास आले होते, स्कूटरच्या पुढच्या जागेत पान्यांची पिशवी घेऊन. ती पिशवी उघडलीच नाही. नळ्यांच्या जवळून हाताची पालथी बाजू फिरवली, बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी वाकून पाहिलं, उकिडवे बसून गाडीखाली नजर टाकली आणि डोळे मिटून वास घेतला. बस्स. "गाडी तापलेली हाय. तापलेल्या इंजिनात खरं काय ते दिसत न्हाई पोरी. उद्या सकाळी मी येईपर्यंत किल्ली फिरवू नको." मी पाकीट काढलं तर म्हणाले, "कशाचे? मी केलं काय?" स्कूटर सुरू करून ते गेलेसुद्धा. मी फाटकात उभी. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरही तो डोक्यातून जाईना.

त्या दिवशी आम्ही म्हापशाच्या मावशीकडून परत येत होतो. मे महिना. मागच्या सीटवर आई, तिच्या पायाशी दोन फणस आणि आमसुलांची पिशवी, पुढे माझ्या शेजारी भाचा. गाडी बाबांची. तीन सिलिंडरची, पांढरी, एसी नसलेली, नोंदणीची पंधरा वर्षं कधीच उलटून गेलेली आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नवी होत आलेली. साखळी गेली, केरी मागे पडलं आणि चोर्ल्याचा चढ लागला. गोव्याच्या बाजूने हा घाट चढताना पहिल्या वळणांतच हवा बदलते असं म्हणतात. मे महिन्यात मात्र ती वरपर्यंत चिकट असते. खिडक्या उघड्या, झाडीतून वारा नाही, दुसरा गिअर, आणि पुढे लाकडाने भरलेला ट्रक. तापमानाचा काटा मधोमध होता. आई म्हणाली, "गोड वास यायलाय." भाचा म्हणाला, "आज्जी, फणसाचा." त्यावर आई जरा चिडूनच बोलली, "फणसाचा वास मला कळत न्हाई होय? ह्यो औषधी हाय."

काटा अजून हलला नव्हता.

पुढच्या दोन-तीन वळणांत तो हलला, आणि एकदा हलल्यावर चढतच गेला. मी हीटर पूर्ण सोडला. मे महिन्याच्या दुपारी, चढावर, आई मागे पदराने वारा घेत असताना. ही जुनी युक्ती आहे. रेडिएटर म्हणजे इंजिनातलं गरम पाणी गार करणारी नळ्यांची जाळी, आणि हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला एक छोटा रेडिएटरच. पंखा सोडला की इंजिनाची थोडी उष्णता तिथून बाहेर पडते. सुरुवातीला जाळीतून भट्टीतला वारा आला, पाय भाजायला लागले. मग तो कोमट झाला, मग चक्क थंड. काटा मात्र वरच. तिथेच गाडी कडेला घेतली. इंजिन तापलेलं असताना हीटरमधून थंड वारा येतो, याचा अर्थ तिथपर्यंत पाणी पोचतच नाही. आत पाणी कमी झालंय आणि त्याच्या जागी हवा किंवा वाफ आहे.

मी बॉनेट उघडायला उतरले तेवढ्यात मागून येणारी केए-२२ ची एक लॉरी थांबली. चालक दार उघडून उतरायच्या आधीच ओरडला, "मुच्चळ तेगीब्याड्री अक्का, मुच्चळ तेगीब्याड्री!" रेडिएटरचं झाकण उघडू नका. मी उघडणार नव्हतेच. पण भर घाटात, अर्धं वळण अडवून, एक अनोळखी माणूस त्यासाठी लॉरी थांबवतो हे मला फार मोठं वाटलं. त्याने मागच्या चाकाला दगड लावला, पाण्याचा कॅन उतरवून ठेवला आणि खुणेनेच सांगितलं की बॉनेटच्या पत्र्याला हात लावून धरता येईपर्यंत थांबा. गरम हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो, हे त्याला सांगायची गरज वाटली नसावी. आम्ही थांबलो. आईने फणस उघडायचा विषय काढला आणि भाच्याने तो उचलून धरला. गरे खाऊन होईतो पत्रा निवला. मग फडकं टाकून झाकण थोडं-थोडं फिरवत उघडलं, पाणी सावकाश ओतलं, आणि कणकुंबी, जांबोटी असं थांबत-थांबत, काटा वर सरकू लागला की सावली बघत, बेळगावात आलो. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी आईने हात जोडले, ते मलप्रभेच्या उगमासाठी की रेडिएटरसाठी, हे मी विचारलं नाही.

आईच्या नाकाने जे आधी ओळखलं ते काट्याने उशिरा का सांगितलं, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होते. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. तो मोजतो पाण्याला. पाणी खाली गेलं आणि सेन्सरभोवती हवेचा कप्पा झाला, की इंजिनाचा धातू कितीही तापला तरी काटा खरं सांगेलच असं नाही. कधी तो उलट खालीही येतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं की गाडी सावरली. पुढच्या पिढीच्या कित्येक गाड्यांत तर काटा मुद्दाम मधोमध स्थिर राहील असाच बसवलेला असतो, माणसाने उगाच घाबरू नये म्हणून. वास मात्र आधी येतो. कूलंटमधल्या, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवातल्या, ग्लायकॉलचा तो गोडसर वास गरम धातूवर थेंब पडला की लगेच सुटतो. हीटर गळत असेल तर पायाखालची सतरंजी आधी ओली होते. काचेच्या आतून येणारा तेलकट धूसरपणा आधी दिसतो. फरशीवरचा हिरवट ठिपका आधी पडतो. या सगळ्या खुणा माणसाच्या नाकाला, पायाला, बोटाला कळतात. त्यांच्यासाठी डॅशबोर्डवर जागा नाही.

त्या रात्री सल्लेही पुष्कळ आले. शेजारच्या काकांनी गेटवरूनच निदान केलं, "थर्मोस्टॅट काढून टाका. आमच्याकडं एवढं ऊन, त्याची गरजच न्हाई." हा सल्ला आपल्याकडे इतका रुळलाय की कित्येक जुन्या गाड्यांत ते घर रिकामंच असतं. थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली एक छोटी झडप. साधारण ८२ अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते, तोवर पाणी इंजिनातच फिरत राहतं. ती काढली तर गाडी लवकर तापत नाही, हे दिसायला बरं. पण इंजिन नेहमीच गार राहतं, पेट्रोल जास्त पितं, आणि तेलातला ओलावा उडून न गेल्याने तेल खराब होतं. शिवाय पाणी कमी होत असेल तर थर्मोस्टॅट काढल्याने ते वाढत नाही. पुण्याहून दादाचा फोन आला. त्याचं म्हणणं, हेड गॅस्केट (हेडखालचा सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी) गेलं असणार, आता त्या गाडीत पैसे घालू नको, भंगारात दे. त्याचं चूक नाही. तो दूर आहे आणि आई त्या गाडीत मागे बसलेली असते, याची त्याला काळजी वाटते. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने फोनवरच नव्या रेडिएटरचा भाव सांगितला. तिघांनी तीन वेगवेगळ्या भागांवर बोट ठेवलं, आणि तिघांपैकी एकानेही गाडी पाहिली नव्हती. मामांनी पाहिली होती, आणि ते काहीच न बदलता गेले होते.

सकाळी ते आले तेव्हा फाटकाशी दूधवाला होता. हवेत गारवा होता. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे मे महिन्यातही पहाट बरी असते. मामांनी बॉनेट उघडलं आणि मला जवळ बोलावलं. "हिकडं बघ. हात लावू नको, नुसतं बघ." रेडिएटरच्या वरून इंजिनाकडे जाणारी जाड रबरी नळी चपटी झाली होती. दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या. काल संध्याकाळी ती फुगलेली, टणक होती, मी स्वतः पाहिली होती. मामांनी झाकणावर तळवा ठेवून ते फिरवलं. हवा आत शिरल्याचा 'सूं' असा आवाज झाला आणि नळी आपली आपण गोल झाली. झाकणाखाली बोट बुडवलं तर पाणी लागेना. बाजूची बाटली मात्र खुणेच्या वरपर्यंत भरलेली. "आधी पाणी कुठं जायलंय ते बघू म्हणत होतो न्हवं?" मामा म्हणाले. "हितंच हाय. जायलंय ते परत यायचं न्हाई झालंय."

काल संध्याकाळी त्यांनी हात का आवरला, ते तेव्हा उमगलं. ही खूण फक्त रात्रभर निवलेल्या गाडीतच दिसते. काल झाकण उघडलं असतं, पाणी भरलं असतं, तर पुरावाच पुसला गेला असता.

रेडिएटरच्या झाकणाकडे आपण बरणीचं झाकण म्हणून बघतो, पण ते कुकरच्या शिट्टीचं काम करतं. आमच्या झाकणावर ०.९ (बार) असा आकडा कोरलेला होता. बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब ते आत धरून ठेवतं. बेळगावच्या उंचीवर साधं पाणी उघड्या पातेल्यात १०० नव्हे, साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाच्या त्या दाबाखाली तेच पाणी ११५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. कूलंट मिसळला की आणखी थोडी सवड मिळते. झाकणातला रबर कडक झाला, स्प्रिंग ढिली पडली, की ही सवड गेली. मग बाकी सगळं ठणठणीत असूनही गाडी चढावर उकळते. झाकणाला दुसरंही एक काम असतं. मोठ्या झडपेच्या मधोमध एक चिमुकली उलटी झडप असते. इंजिन तापलं की फुगलेलं पाणी मोठ्या झडपेतून बाटलीत जातं, आणि निवलं की या छोट्या झडपेतून ते परत ओढलं जातं. आमच्या झाकणाची ती चकती क्षारांनी चिकटून बसली होती. पाणी बाहेर जायचं, परत येताना वाट बंद. आत पोकळी तयार व्हायची, नळी चपटी व्हायची, आणि जुन्या क्लॅम्पच्या जोडातून थोडी-थोडी हवा आत ओढली जायची. दाबाखाली तो जोड गळत नव्हता, म्हणून खाली ओलही दिसली नव्हती. फक्त रोज थोडी हवा आत आणि थोडं पाणी बाटलीत. बाबा नेहमी बाटली बघायचे, आणि बाटली कायम भरलेली असायची.

इथे कुणीही नवं झाकण लावून मोकळं झालं असतं. मामा म्हणाले, "एक सापडलं म्हणून थांबायचं न्हाई. घाटात तापलीय म्हणजे हेडला काय झालंय का बघाय पायजे." तेलाचं झाकण काढून त्याची आतली बाजू उन्हात धरली. दुधाळ चिकटा असेल तर तेलात पाणी शिरलंय. तसं नव्हतं. मग रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, झाकण उघडंच ठेवून मला गाडी सुरू करायला सांगितली, आणि आम्ही दोघं त्या गळ्यातल्या पाण्याकडे बघत उभे राहिलो. बुडबुडे आले. माझ्या पोटात गोळा आला.

बुडबुडे बघणं हे माझं रोजचं काम आहे. मी उद्यमबागेत एका कारखान्याच्या तपासणी विभागात असते. हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बिडाची ओतीव कामं आमच्याकडे येतात. हवा भरून ती पाण्याच्या टाकीत बुडवायची आणि बघत राहायचं. ओतकामात कुठे पोकळी राहिली असेल, तर एका ठरावीक जागेवरून, ठरावीक अंतराने बुडबुडा निघत राहतो. पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेचा बुडबुडा मात्र एकदा सुटला की संपला. रेडिएटरच्या गळ्यातही तेच बघायचं होतं. हेड गॅस्केट फाटलं असेल, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत राहतो आणि रेस वाढवली की बुडबुडे वाढतात. मामांनी ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढली. बुडबुडे वाढले नाहीत. हळूहळू विरळ झाले, थांबले, पाणी खाली गेलं, मामांनी आणखी ओतलं. ती अडकलेली हवा होती. जुन्या गाड्यांत ब्लॉक (हेडखालचा इंजिनाचा भाग) बऱ्याचदा बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. एकदा पुरती तापू दिली की हेड वाकतं, आणि दोघांमधलं गॅस्केट तो ताण सोसत नाही. आईने वेळेवर वास ओळखला, म्हणून आमचं हेड वाचलं, असंच मी म्हणेन.

मग मामांनी माझा हात धरून वरच्या नळीवर ठेवला. गार. इंजिन धडधडतंय, काटा चढतोय, नळी गारच. "आता बघ." आणि एका क्षणी ती तळव्याखाली भसकन गरम झाली. थर्मोस्टॅट उघडला. काकांनी ज्याला काढून टाकायला सांगितलं होतं, तो आपलं काम नीट करत होता. सुरू केल्या-केल्या नळी कोमट होऊ लागली असती, तर झडप उघडीच अडकलेली. काटा वर जाऊनही गारच राहिली असती, तर बंद अडकलेली, नाहीतर पाणीच फिरत नाही. पंखाही आपल्या वेळेला लागला. तसा तो लागणार याची मला खात्री होती. दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक पडलेलं असताना आमची गाडी कधीच तापलेली नव्हती. उभ्या गाडीला पंख्याशिवाय वारा नसतो, म्हणून गेटवर, बाजारात तापली तर आधी पंख्याकडे बघायचं. गावात बरी आणि चढावर, वेगात तापली, तर पाणी किती आहे आणि ते नीट फिरतंय का, तिकडे बघायचं. मामांना हे मी आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं. "तेवढ्यानं माझं अर्धं काम झालतं," असं ते आता म्हणाले.

गाडी बंद करून, पंख्याचा प्लग काढून, त्यांनी रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवला. खालच्या एका कोपऱ्यात हात थांबला. माझाही हात तिथे नेला. बाकी सगळी जाळी चटका देणारी, आणि तो कोपरा एकदम थंड. तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. राकसकोपच्या तलावातून येणाऱ्या नळाच्या पाण्याची पाळी लांबली की बाबा परसातल्या बोअरचं पाणी भरायचे. स्वच्छ, गोड लागणारं पाणी, पण क्षारांचं. वाफ निघून जाते, क्षार राहतात, आणि बारीक नळ्यांतून ते साचत जातं. डिस्टिल्ड वॉटर विकत आणून गाडीत घालणं बाबांना उधळपट्टी वाटायची. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांना वाटायची. रेडिएटरमधून निघालेलं तांबूस पाणी पाहताना मला त्यांची फार आठवण आली. रविवारी सकाळी बनियनवर, हातात तांब्या घेऊन, गाडीशी काहीतरी पुटपुटत उभे असलेले बाबा. त्या पाण्यात त्यांची काळजीही होती आणि गाडीचं नुकसानही. दोन्ही गोष्टी मला त्या गढूळ पाण्यात एकदमच दिसत होत्या, आणि मी त्या वेगळ्या करायच्या भानगडीत पडले नाही. मामांनी ते पाणी गटारात सोडू दिलं नाही, कॅनमध्ये धरलं. "गोड लागतंय म्हणून कुत्री चाटत्यात. मरत्यात बिचारी." ग्लायकॉल विषारी असतं. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी सत्तरीतला माणूस गुडघ्यावर बसून कॅनचं तोंड नळीखाली धरून होता.

नवं झाकण, नवा क्लॅम्प, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे. मामांनी खिशातल्या वहीत हिशेब लिहिला. झाकण, क्लॅम्प, कूलंट, भरायची मजुरी. बघितल्याचे पैसे कुठेच नव्हते. आदल्या संध्याकाळचे नव्हते, सकाळच्या त्या एवढ्या वेळाचेही नव्हते. मला राहवलं नाही. आमच्या कारखान्यातही तपासणी विभागाला उत्पादनात धरत नाहीत. आम्ही काही घडवत नाही, काही जोडत नाही, आम्ही फक्त बघतो, आणि खर्च कमी करायची वेळ आली की पहिली नजर आमच्याकडे वळते. बाजार वस्तूचे पैसे देतो. काय बदलायचं नाही हे ज्याला कळतं, त्याला द्यायला त्याच्याकडे रकाना नाही. त्या दुकानदाराने रेडिएटर विकला असता तर त्याला नफा झाला असता. मामांनी रेडिएटर वाचवला आणि त्यांच्या वहीत त्याची ओळ नव्हती. मी वही मागून घेतली आणि खाली लिहिलं, 'तपासणी'. पुढे आकडा काय टाकू विचारलं. "असलं काय लिहीत न्हाईत," म्हणून ते वही ओढायला लागले. आमची बरीच ओढाताण झाली. आई चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "डॉक्टर नुसता हात धरून बघतोय, त्याचं घेतोयच की." मग मामा हसले आणि त्यांनी स्वतःच आकडा सांगितला. मला तो कमी वाटला. मी तो वाढवून लिहिला आणि तेवढेच दिले.

जाता-जाता त्यांनी वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकावर बॅटरीचा झोत टाकला. भोकाच्या खाली वाळलेला हिरवट ओघळ होता. पंपाचं सील झिजू लागलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं म्हणून ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आज ते कोरडं होतं. "ओघळ जुना हाय. वाढतोय का बघत जा. ओला दिसला की मला सांग," मामा म्हणाले. त्याभोवती त्यांनी खडूने खूण करून ठेवली. पाऊस संपला की रेडिएटर उतरवून साफ करायचा आहे. अनगोळमध्ये कोअर खोलून नळ्यांतून तार घालणारा एक कारागीर अजून आहे, मामा त्याच्याशी बोलणार आहेत. दादाला मी फोटो पाठवले, चपट्या नळीचा आणि चिकटलेल्या झडपेचा. त्याने झाकणाची किंमत विचारली, मी सांगितली. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला, आईला घाटात नेताना आधी फोन कर. आता रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, भाचा आणि मी बॉनेट उघडतो. तो झाकण उघडून बोट बुडवतो, मी खडूच्या खुणेवर बॅटरी धरते. परवा त्याने विचारलं, ओघळ ओला झाला तर पूर्ण पंपच बदलायचा, की नुसतं सील टाकून चालतं. मला माहीत नव्हतं. मामांना विचारायचं ठरलं आहे.